दऱ्या की दर्या?

सह्याद्रीत भटकंती घडवून आणणाऱ्या एका मंडळाची वेबसाइट करत होतो. पहिल्या पानावर राजगडाच्या संजीवनी माचीचा फोटो आणि त्यावर मोठ्या अक्षरांत दोन शब्द : 'दऱ्याखोऱ्यांची वाट'. रात्री मंडळातल्या काकांचा फोन आला. "अरे, पहिलं पान बघ जरा. आपण डोंगरात चाललोय, दर्यात नाही." बघितलं तर खरंच तसं झालं होतं. र रफार होऊन य च्या डोक्यावर जाऊन बसला होता, दोन्ही ठिकाणी. डोंगराच्या फोटोवर 'दर्याखोर्यांची वाट'.

मजकूर मोबाइलवर टाइप होऊन आला होता, तो मी तसाच चिकटवला होता. दुरुस्त करायला मिनिटही लागलं नाही, पण झोप मात्र गेली. इतकी वर्षं घरी बसून वेबसाइटी करतो आहे, मराठी अक्षरांवर पोट आहे, आणि हा साधा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता : या र ने इथे डोक्यावर चढायचं आणि तिथे पायाशी वाकून राहायचं, हे यंत्राला सांगतं कोण?

संगणकापाशी अक्षरं नसतात, आकडे असतात. जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक चिन्हाला एकेक आकडा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. देवनागरीला त्यात १२८ खोल्यांची एक चाळ मिळाली. त्या चाळीत आपला नेहमीचा र राहतो २३५२ क्रमांकाला. त्याच्या भिंतीला लागून, २३५३ ला, खाली टिंब असलेला ऱ. हा शेजारी मुळात द्राविडी भाषांतला एक वेगळा उच्चार देवनागरीत लिहिता यावा म्हणून आला. पण त्याचा पाय मोडला, की पडद्यावर उमटतो तो आपला कोयत्यासारखा वाकलेला अर्धा र. तंत्रज्ञ त्याला इंग्रजीत 'आयलॅश रा' म्हणतात, पापणीसारखा र. म्हणजे दर्या आणि दऱ्या यांच्यात अंतर आहे ते एका आकड्याचं. २३५२ लिहिलं की समुद्र, २३५३ लिहिलं की डोंगरांमधली खोल जागा. आचार्यांना दक्षिणा द्यायची की आचाऱ्यांना, तेही हाच एक आकडा ठरवतो.

हिंदीचं या अर्ध्या र वाचून काही अडत नाही. मराठीचं पावलोपावली अडतं : वारा-वाऱ्यावर, सातारा-साताऱ्याला, करणारा-करणाऱ्याने. आपल्या भाषेचा कान हा फरक ऐकतो, म्हणून लिपीने तो जपला, म्हणून युनिकोडला त्याची सोय करावी लागली. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तर दोघे एकाच कळीवर राहतात. नुसती दाबली की र, शिफ्टसकट दाबली की ऱ.

आता पुढची गंमत. 'स्थिती' हा शब्द घ्या. हातानं लिहिताना आधी वेलांटी, मग स्थ. संगणकात मात्र साठवलं जातं ते असं : स, मग पाय मोडल्याची खूण, मग थ, आणि त्यानंतर वेलांटी. आपण तोंडाने उच्चारतो त्या क्रमाने. वेलांटी साठवली जाते थ च्या मागे आणि दिसते थेट स च्या पुढे, संपूर्ण जोडाक्षर ओलांडून. 'मूर्ती'त र चा प्रवास उलटा होतो. साठवताना तो त च्या आधी असतो आणि दिसताना पार शेवटी, दीर्घ वेलांटीच्या खांद्यावर. 'स्त्री' हे आपल्या डोळ्यांना एकच अक्षर. आत उघडून पाहिलं तर सहा चिन्हं : स, पाय मोडल्याची खूण, त, पुन्हा ती खूण, र, दीर्घ वेलांटी. वेबवर यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे एका 'स्त्री'ला अठरा बाइट. 'स्त्री' असं एकसंध अक्षर त्या चाळीत कुठेच राहत नाही. ते दर वेळी, तुमच्या डोळ्यांसमोर, नव्याने घडवलं जातं.

घडवणारा एक कारागीर आहे. त्याचं नाव हार्फबझ. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे खुला, त्यावरून ते पडलं. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड फोन या सगळ्यांत तो बसलेला असतो आणि त्याची संहिता कुणालाही मोफत वाचता येते. आकड्यांची रांग आली की तो आधी तिचे अक्षरांप्रमाणे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यातलं मुख्य व्यंजन हेरतो, र ला वर पाठवायचं का ते ठरवतो, वेलांटी उचलून पुढे आणतो. मग फॉन्टला विचारतो, तुझ्याकडे 'स्त्र'चा जोड आहे का? असला तर तो मागून घेतो, नसला तर अर्धे तुकडे शेजारी मांडतो. शेवटी मात्रा, अनुस्वार, उकार नेमके कुठे टेकवायचे याची फॉन्टमधली मापं वाचून तो ते बसवतो. हा लेख तुम्ही अँड्रॉइड फोनवर वाचत असाल तर एव्हाना त्याने हे काम हजारो वेळा केलं आहे, आणि तुम्हाला त्याची चाहूलही लागली नसेल.

हे सगळं पहिल्यांदा उमगलं तेव्हा मला छापखान्यातला जुळारी आठवला. १८६९ साली जावजी दादाजींनी मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी घडवलेले तिथले खिळे इतके देखणे होते, की निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं देशभरातल्या पंडितांच्या घरी पोहोचली. जुळारी समोरच्या खणांतून शिशाचे खिळे वेचायचा, मुंबईच्या पद्धतीत मात्रा-उकारांचे तुकडे वेगळे वरखाली बसवायचा, आणि वेलांटी आपल्या हाताने आधी ठेवायचा. नियम त्याच्या बोटांत होते. तेच नियम आता कुणीतरी ओळीओळीने लिहून काढलेत. मला यंत्राइतकंच आश्चर्य वाटतं ते त्या बोटांचं.

पण कारागीर कितीही हुशार असला तरी आकार त्याचे नसतात, ते फॉन्टचे. आणि फॉन्ट माणसं काढतात. माझ्यासारख्या एकट्याने काम करणाऱ्याची सगळ्यात मोठी शिदोरी तीच. गूगल फॉन्ट्स २०१० साली सुरू झालं, पण मला वापरावेसे वाटणारे देवनागरी फॉन्ट यायला आणखी काही वर्षं जावी लागली. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला मुक्ता मी डोळे मिटून वापरतो. बारीक ते जाड अशी त्याची सात वजनं आहेत आणि लांबलचक मजकुरातही तो दमवत नाही. त्यांचाच बलू गुबगुबीत आणि हसरा, लहान मुलांच्या कामाला छान. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा मोदक तर नावाप्रमाणेच. अक्षर इतकं फुगलेलं, की आतल्या पोकळीच्या जागी केसाएवढी पांढरी रेघ उरते. जाड देवनागरी किती जाड होऊ शकते हे त्यांनी शेवटच्या टोकापर्यंत जाऊन पाहिलं. हे सारे खुल्या परवान्याचे, वापरायला पैसे पडत नाहीत. शेकडो आकार, प्रत्येकाची वळणं, प्रत्येक जोडाक्षराचा वेगळा विचार, आणि ते असं वाटून टाकायचं! माझ्या बिलात या माणसांची नावं नसतात, म्हणून इथे तरी लिहितो.

त्याआधी आमच्या पिढीने संगणकावर पाहिलेली देवनागरी म्हणजे विंडोजबरोबर येणारा मंगल. तो केला र. कृ. जोशी यांनी. कवी, सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे शिक्षक. मंगलला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. त्या काळच्या ठोकळेबाज पडद्यावर, मोजक्या ठिपक्यांत, रफार आणि अनुस्वार एकमेकांत न मिसळता बसवणं काय असतं हे एकदा स्वतः चौकटीच्या कागदावर करून बघावं, मग बोलावं.

एक गोष्ट कळल्यावर मी दोन दिवस जुन्या सगळ्या वेबसाइटी उघडून बसलो होतो. मराठी ल आणि हिंदी ल वेगळे दिसतात, श सुद्धा. आपला पाकळीचा ल, आपला देठाचा श. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी हीच वळणं धरली आहेत. युनिकोडमध्ये मात्र ल एकच, श एकच. मग पडद्यावर मराठी वळण यावं कसं? पानाच्या सुरुवातीला 'या मजकुराची भाषा मराठी' असं सांगणारा दोन अक्षरांचा एक कोड लिहायचा असतो. फॉन्टमध्ये सोय असली, तर तेवढ्यावर सगळ्या ल ना पाकळ्या फुटतात. मुळाक्षर तेच, आकडा तोच, फक्त भाषेचं नाव घेतलं की वळण बदलतं. कॅनडातल्या टायरो या संस्थेने तर मराठी, हिंदी आणि संस्कृत असे तीन वेगळे देवनागरी फॉन्ट केले आहेत. मराठीवाला पहिल्यांदा पानावर लावला तेव्हा चौथीतलं पुस्तक उघडल्यासारखं वाटलं.

आणि इंग्रजीचे नियम मराठीला लावायची सवय आम्हा डिझाइनरांना सोडावीच लागते. इंग्रजी अक्षरं जमिनीवर उभी असतात. आपली वरच्या रेघेला लोंबकळतात, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. वर मात्रा, खाली उकार, म्हणून दोन ओळींत जास्त हवा लागते. अक्षरांमध्ये अंतर वाढवायची इंग्रजीतली आवडती युक्ती इथे केली की शिरोरेघेचे तुकडे पडतात. बोरूचा काप दोन्हींकडे उलट, त्यामुळे जाड-बारीकपणाची दिशाही उलट. इंग्रजीत डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरकी रेघ जाड होते, देवनागरीत उजवीकडून डावीकडे उतरणारी. दोन लिप्या एका ओळीत शेजारी ठेवल्या की एकीने वारा इकडून घेतलेला असतो, दुसरीने तिकडून.

हे सगळं पडद्यासमोर बसून शिकता येत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून रविवारी सकाळी मी पुण्यातल्या पेठांतून पाट्या बघत हिंडतो. फोनमध्ये तीनेक हजार फोटो साठलेत : दुकानांच्या, वाड्यांच्या, पिठाच्या गिरण्यांच्या पाट्या, नाटकांच्या जुन्या जाहिराती. कमल शेडगे यांनी नाटकांची आणि मासिकांची नावं काढली तेव्हा प्रत्येक नावाला स्वतःचा चेहरा दिला. त्यांच्या जाहिरातीत अक्षरच अभिनय करतं. हाताने रंगवणारा पेंटर आधी खडूची पूड लावलेली सुतळी ताणून फटकारतो, रेघ उमटते, आणि मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगत जातो. मोडी लिहिणारे तर कागदावर आधी सबंध रेघ ओढूनच घेत. गेल्या पावसाळ्यापासून मी मोडी शिकतो आहे. ती २०१४ साली युनिकोडमध्ये आली. शतकानुशतकं बोरूने लिहिलेल्या त्या वळणांनाही आता आकडे मिळाले आहेत.

काकांच्या फोननंतर मात्र पाट्यांवर मी एकच गोष्ट शोधत होतो. अर्धा र. कुठे तो नुसता टिंबासारखा, कुठे कापून काढलेल्या नखासारखा, कुठे घाईत खरंच रफार झालेला. मग मंडईच्या मागच्या गल्लीत एक पत्र्याची पाटी सापडली, निळ्यावर पिवळी : 'सुऱ्या, कातऱ्या, विळ्यांना धार लावून मिळेल.' रंगवणाऱ्याने दोन्ही ऱ लांब ओढून टोकाला इतके निमुळते केले होते की ते पात्यासारखे दिसत होते. कुठल्याच फॉन्टमध्ये असा ऱ मी पाहिलेला नाही. खाली सायकलच्या सांगाड्यावर बसून एक आजोबा पायाने चाक फिरवत होते आणि त्यावर टेकलेल्या कातरीतून ठिणग्या उडत होत्या. मी फोन वर धरलेला पाहून त्यांनी विचारलं, "माझा काढताय?" मी म्हटलं, "पाटीचा." त्यांनी पाय थांबवला, मान वळवून पाटीकडे पाहिलं, आणि तिच्यावर आलेली ताडपत्रीची कड हाताने वर धरून ठेवली.