रेडिओ आणि संगीतात करिअर: विजयदुर्गच्या मुलांनी आणि पालकांनी काय समजून घ्यावं?

विजयदुर्गसारख्या बंदरावर रेडिओ ही काही नवी चीज नाही. मासेमारीला जाणाऱ्यांसाठी हवामानाचे इशारे रेडिओवर वर्षानुवर्षं येत आले आहेत. पण बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी "मला रेडिओत काम करायचंय" असं म्हणाली, की घर गप्प होतं. चाचा आखातातून व्हिसा पाठवायला तयार असतात आणि इकडे पोरगं माईकच्या मागे लागलेलं असतं. अब्बा-अम्मींचे प्रश्न मग ठरलेले: हे आपल्या दीनमध्ये जायज आहे का? यात पोट भरतं का? गावातल्या पोराला तिथं कोण विचारणार? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. म्हणून एकेक घेऊ.

दीनचा प्रश्न आधी

वाद्यसंगीताबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. काही जण त्याला साफ मनाई करतात, काही जण शब्द, प्रसंग आणि हेतू पाहून सांगतात. हा निर्णय प्रत्येक घराने आपल्या भरवशाच्या आलिमना विचारून घ्यावा. पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी: रेडिओ म्हणजे फक्त गाणी नाहीत. बातम्या वाचणं, शेती-मच्छीमारीचे कार्यक्रम, आरोग्यावरच्या मुलाखती, जाहिरातींसाठी आवाज देणं, ऑडिओ पुस्तकं, ध्वनिमुद्रण ही सगळी याच क्षेत्रातली कामं आहेत. ज्या घरात संगीत नको, तिथल्या मुलालाही यातलं बरंच काही करता येतं.

समाजातली ही भीती नवीन नाही. संगीतकार नौशाद यांचा किस्सा ते स्वतःच सांगत. त्यांचं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांना मुलगा मुंबईत शिंपी आहे असं सांगितलं होतं, कारण संगीतवाल्याला मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं. वरातीत बँडवाले मात्र १९४४ च्या ‘रतन’ चित्रपटातली त्यांचीच गाणी वाजवत होते!

नाकारलेला आवाज

रेडिओचं नाव निघालं की अमीन सायानी आठवतात. मुंबईत १९३२ साली जन्मलेले, २० फेब्रुवारी २०२४ रोजी वारलेले. त्यांच्या अम्मी कुलसुम सायानी साक्षरतेचं काम करायच्या. ‘रहबर’ नावाचं त्यांचं पाक्षिक देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघायचं आणि त्या कामात अमीन हात लावायचे. सोपी, सगळ्यांना कळेल अशी हिंदुस्तानी भाषा त्यांना घरातच मिळाली.

पण हिंदी निवेदनासाठी आकाशवाणीची चाचणी दिली तेव्हा ते नापास झाले. उच्चारांवर इंग्रजी आणि गुजरातीची छाप आहे, असं कारण देण्यात आलं. त्यांनी उच्चारांवर मेहनत घेतली आणि संधी दुसरीकडून आली. त्या काळी माहिती व प्रसारण मंत्री बी. व्ही. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपट संगीत जवळपास हद्दपार झालं होतं. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५२ च्या अखेरीस तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पुढे आकाशवाणीलाही श्रोत्यांसाठी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करावी लागली. गीतमालाही अखेर १९८९ मध्ये विविध भारतीवर आली.

आपल्या मुलांनी यातून घ्यायचं ते हे की बोली ही लाज नाही. मात्र ज्या भाषेत निवेदन करायचं, त्या भाषेचे उच्चार वेगळे शिकावे लागतात. मराठीत ‘ण’ आणि ‘न’, ‘श’ आणि ‘स’, ‘ळ’ आणि ‘ल’ इथे परीक्षक कान देऊन बसलेले असतात. याबाबतीत आपल्या मुलांकडे एक पुंजी आधीच आहे. मकतबमध्ये तजवीदसह कुरआन शिकलेल्या मुलाला मखरज म्हणजे काय, कुठे थांबायचं, श्वास कसा सांभाळायचा हे लहानपणीच शिकवलेलं असतं. ‘ज’ आणि ‘ज़’, ‘ख’ आणि ‘ख़’ यातला फरक त्याच्या जिभेला माहीत असतो. हिंदी-उर्दू निवेदनात याची मोठी किंमत आहे.

दारं कोणती?

आकाशवाणी. रत्नागिरी, कोल्हापूर, पणजी, मुंबई अशी केंद्रं आपल्या आवाक्यात आहेत. केंद्रांना गरज लागते तेव्हा नैमित्तिक निवेदकांसाठी (सगळे ‘कॅज्युअल अनाउन्सर’ म्हणतात) अर्ज मागवले जातात. साधारणपणे लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी आणि मुलाखत असं टप्प्याटप्प्याने होतं. एक गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी: ही कायम नोकरी नाही. ड्युटीप्रमाणे पैसे मिळतात आणि महिन्यात मोजक्याच ड्युट्या मिळतात. त्यामुळे सोबत दुसरं शिक्षण किंवा काम हवंच. पण इथला अनुभव पुढे सगळीकडे चालतो. गायक-वादकांसाठी वेगळी स्वरपरीक्षा असते. त्यात ‘बी’, ‘बी हाय’, ‘ए’ आणि ‘टॉप’ अशा श्रेणी मिळतात आणि श्रेणीप्रमाणे मानधन ठरतं.

खासगी एफएम. भारतात खासगी एफएम २००१ पासून सुरू झालं. सिंधुदुर्गच्या मुलाला जवळची शहरं म्हणजे कोल्हापूर आणि पणजी, नंतर पुणे-मुंबई. इथे आरजे सगळ्यांना दिसतो, पण त्याच्यामागे कार्यक्रम निर्माता, जाहिरात लिहिणारा, ध्वनी तंत्रज्ञ, गाण्यांचा क्रम लावणारा आणि जाहिरात विकणारा असे बरेच लोक असतात. स्टेशन चालतं ते जाहिरातींवर, म्हणून विक्री विभागात जागा जास्त निघतात. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. ज्याला पत्रकारिता करायची आहे त्याने हे आधीच लक्षात घ्यावं.

सामुदायिक रेडिओ. २००६ पासून सामाजिक संस्थांनाही छोटं केंद्र चालवता येतं. साताऱ्यातल्या म्हसवडचं ‘माणदेशी तरंग’ हे चांगलं उदाहरण. तिथे केराबाई सरगर या लोकगीतं गाणाऱ्या बाई निवेदक झाल्या, लिहिता-वाचता येत नसताना! आपल्या मुलींसाठी हे दार विशेष आहे. काम गावाजवळ, बहुतेक दिवसा, आणि भाषा आपलीच.

ध्वनी तंत्रज्ञ. याकडे आपल्याकडे फारसं लक्ष जात नाही. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये पदवीनंतर ध्वनिमुद्रण आणि ध्वनी संयोजनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. केरळच्या खेड्यात वाढलेले रसूल पूकुट्टी याच संस्थेत शिकले आणि २००९ मध्ये ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी त्यांना ध्वनीचं ऑस्कर मिळालं. बारावीला विज्ञान, ध्वनीची भौतिकी आणि कान तयार असणं, ही याची तयारी.

वाद्यांची कारागिरी. मिरजेत सतार आणि तंबोरे बनवणारी मुस्लिम घराणी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. संगीताच्या धंद्यात रोजगार असाही असतो.

सही करण्याआधी

या क्षेत्रात लोक आवाजामुळे कमी आणि करारामुळे जास्त फसतात. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली मोठी दुरुस्ती झाली. कवी-गीतकार जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत पाठपुरावा केला होता. त्यातलं कामाचं एवढं:

- गीतकार आणि संगीतकाराने हक्क कंपनीला दिले, तरी रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा त्यांचा हक्क राहतो. सिनेमागृहात सिनेमासोबत गाणं वाजतं तेवढं वगळून. करारात "रॉयल्टी सोडली" असं लिहून घेतलं तरी ते चालत नाही.
- हक्क किती वर्षांसाठी दिले हे करारात नसेल, तर पाच वर्षं धरली जातात. कुठल्या प्रदेशासाठी हे नसेल, तर फक्त भारत.
- गीतकार-संगीतकारांनी ‘आयपीआरएस’चं सभासद व्हावं. १९६९ पासूनची ही संस्था रॉयल्टी गोळा करून वाटते. गायक-वादकांसाठी वेगळी संस्था आहे, ‘इसामरा’.
- आवाज देताना "कुठल्याही तंत्राने, कायमचा वापर" अशी ओळ दिसली तर थांबा. आज एआयने आवाजाची नक्कल करता येते. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल वापरायला अंतरिम मनाई केली. नव्या कलाकाराला कोर्टाची पायरी परवडत नाही, म्हणून कागद आधीच वाचावा.

आपल्या कोकणी मुस्लिम घरांत हळदीला, लग्नाला बायका म्हणतात ती गाणी कोणी रेकॉर्ड करायला आलं, तरी हेच विचारावं. गाणं परंपरेचं असलं तरी गाणाऱ्या नानीचा तिच्या सादरीकरणावर कायद्याने हक्क आहे. रेकॉर्डिंगची मालकी मात्र ते करून घेणाऱ्याकडे जाते. म्हणून नाव कुठे येणार, पैसे कोणाला मिळणार, हे लिहून घ्या.

सुरुवात घरातून

महागडा माईक लगेच नको. खोलीत गोधड्या टांगल्या की आवाज घुमत नाही, आणि मोबाइलवर सुरुवातीचं रेकॉर्डिंग होतं. ‘ऑडॅसिटी’ हे आवाज कापण्या-जोडण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे. रोज वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचा, रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका. गावातल्या मच्छीमारांची, देवगडच्या हापूसवाल्यांची पाच-पाच मिनिटांची मुलाखत घ्या. सहा महिन्यांत दोन मिनिटांची बातमी, एक मुलाखत आणि एक जाहिरात असा नमुना तयार होतो. अर्ज करताना हाच कामाला येतो.

शिक्षण सोडू नये. पदवी कुठल्याही शाखेची चालते, पण ती हवी. पुढे पत्रकारितेसाठी अमरावतीच्या आयआयएमसी केंद्रात मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे, दिल्लीच्या जामिया मिल्लियामध्ये मास कम्युनिकेशन आहे. फीसाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आणि राज्याच्या शिष्यवृत्त्या यांची त्या-त्या वर्षाची अट तपासावी. "पैसे भरा, थेट आरजे करतो" असं सांगणाऱ्यांपासून लांब राहावं. खऱ्या आवाज चाचणीसाठी कोणी हजारो रुपये मागत नाही.

आणि पालकांनी एवढं करावं: थेट "नाही" म्हणण्याऐवजी पदवी होईपर्यंतची मुदत ठरवून द्यावी. त्या तीन वर्षांत मुलाने नमुना तयार केला का, चाचण्या दिल्या का, थोडी का होईना कमाई केली का, हे त्याच्याशी बसून पाहावं. झालं असेल तर पुढची दोन वर्षं साथ द्यावी. नसेल, तर पदवी हातात आहेच आणि चाचांचा व्हिसाही कुठे जात नाही.