वाढत्या मापाचे स्केट

आपल्याकडे मुलांसाठी कपडे किंवा बूट घेताना एक वाक्य हमखास कानी पडते : "जरा वाढत्या मापाचं दाखवा." जून महिन्यात गणवेशाच्या दुकानात उभे राहिले की दर दुसरी आई हेच म्हणत असते. मी स्वतः पाचवी ते सातवी एकाच खाकी चड्डीत काढली. पाचवीत ती गुडघ्याखाली लोंबत होती, सातवीत ती गुडघ्याच्या बरीच वर गेली. तीत माझे काही बिघडले नाही. हीच सवय घेऊन दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी कॅनडात गेलो आणि माझ्या सख्ख्या भाच्याला जवळजवळ महिनाभर रडवले. त्या महिन्यात बर्फावरच्या हॉकीच्या साहित्याविषयी जे काही शिकलो, ते येथे सांगण्याचा विचार आहे.

वाचक म्हणतील, बर्फाशी आपला संबंध उसाच्या रसापुरता आणि गोळ्यापुरता. आम्हाला हे कशाला? पण हा खेळ आता आपल्या देशातही रुजला आहे. लडाखमध्ये थंडीत तळी गोठतात आणि लेहची पोरे-पोरी त्यांवर हॉकी खेळतात. २०२४ साली खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा एक टप्पा लेहला झाला, त्यात हा खेळ होता. २०२५ साली आपल्या महिला संघाने आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. तेव्हा उद्या आपल्यापैकी कोणी हिवाळ्यात लेहला गेला आणि कोणी त्याच्या पुढ्यात स्केट ठेवले, तर निदान ते पायात कसे घालावेत एवढे तरी ठाऊक असावे.

माझी ताई ओंटारिओ प्रांतातल्या एका गावी राहते. मी गेलो तेव्हा त्यांना तेथे जाऊन जेमतेम वर्ष झाले होते. भाचा नऊ वर्षांचा. त्याच्या वर्गातली मुले चौथ्या-पाचव्या वर्षापासून बर्फावर घसरायला शिकलेली. मधल्या सुट्टीत बोलणे हॉकीचे, शनिवारी सकाळी सगळे रिंकवर. याला त्यांच्यात जायचे तर स्केट हवेत. मामा आलेला आहे म्हटल्यावर मामानेच ते द्यायचे, हे ओघाने आलेच. शिवाय कॉलेजात असताना मी मैदानी हॉकी खेळलेलो. तेव्हा या विषयातले मला कळते, असा घरात सर्वांचा समज होता. माझाही होता.

तेथे जुन्या क्रीडासाहित्याची मोठमोठी दुकाने असतात. अशा एका दुकानातून मी स्केट घेतले. भाच्याच्या नेहमीच्या बुटाचे माप तीन. मी चार घेतले. दोन वर्षे तरी पुरतील, हा हिशेब. सैल होतात म्हणून लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड घालायला लावले. स्टिकचे पैसेही वाचवले. शेजाऱ्यांच्या थोरल्या मुलाची एक जुनी स्टिक मिळाली, ती करवतीने कापून आखूड केली. हेल्मेट, ढोपरांची व कोपरांची कवचे भावोजींनी घेतली, म्हणून ती तेवढी नीट मापाची आली.

पुढचे चार शनिवार आठवले की अजून वाईट वाटते. मुलगा बर्फावर उभा राही आणि त्याचे दोन्ही घोटे आतल्या बाजूस कोसळत. चार पावले टाकली की पडे. त्याच्याहून लहान पोरी त्याच्या भोवतीने भिंगरीसारख्या फिरत. मी काठावरून ओरडत होतो, "अरे, घाबरू नकोस! पाय ताठ ठेव!" चौथ्या शनिवारी गाडीत बसल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, मला नाही जमणार हे. मी नाही येणार परत." मी त्याला भित्रा म्हटले. म्हणायला नको होते.

ताईने एकच सुचवले, "धार लावलेली नसेल. एकदा दाखवून तर आण." म्हणून मी ते स्केट आणि तो मुलगा, दोघांनाही धार लावणाऱ्या एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे नेले. त्याने स्केटकडे पाहिलेसुद्धा नाही. मुलाला बाकावर बसवले, स्वतः गुडघा टेकून खाली बसला, एक मोजा काढून टाकला, पाय बुटात घातला, नाड्या न बांधता पाय पुढे सरकवायला सांगितला आणि टाचेमागे बोट घातले. एक बोट गेले. दुसरेही गेले. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. त्या नजरेपुढे मला पाचवीतल्या विद्यार्थ्यासारखे वाटले.

त्याने मला जे समजावले त्याचा सारांश असा. साधा बूट पायाचे रक्षण करतो, म्हणून तो थोडा सैल असला तरी चालते. स्केट हे पायाचे अवजार आहे. विळ्याची मूठ हातात फिरू लागली तर गवत कापले जाईल का? तसेच हे. पायाने दिलेला जोर बुटातून पात्यापर्यंत आणि पात्यातून बर्फापर्यंत पोचायचा असतो. बुटात पाय हलला की तो जोर वाटेतच जिरतो, घोटा आधार शोधत आत कोसळतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की मुलगा कच्चा आहे. दोन मोजे घातल्याने तर दुखणे वाढते. मोजा मोज्यावर सरकतो, पायाला घाम येतो आणि ओला पाय गारठतो. मोजा एकच हवा, आणि तोही पातळ.

म्हणून स्केटचे माप नेहमीच्या बुटाहून साधारण एक ते दीड अंकाने कमी असते. म्हणजे तीनचा बूट घालणाऱ्या माझ्या भाच्याला दीड किंवा दोनचे स्केट हवे होते. मी दिले चारचे! अंक मात्र अंदाजासाठी. निर्णय पायावरच करायचा. त्याची रीत अशी. बसून नाड्या पूर्ण सैल कराव्यात, पाय आत घालावा आणि टाच जमिनीवर दोन-चार वेळा आपटून मागे नीट बसवावी. नाड्या बोटांकडे बेताच्या, घोट्याच्या वळणावर घट्ट आणि अगदी वर पुन्हा थोड्या सैल, म्हणजे गुडघा पुढे वाकवता येतो. मग उभे राहावे. ताठ उभे असताना बोटे पुढच्या टोकाला निसटती लागली पाहिजेत. गुडघे वाकवले की ती किंचित मागे आली पाहिजेत. बोटे मुडपली तर बूट लहान, पुढे मोकळी हलू लागली तर मोठा. टाच उचलून पाहावी. ती आतल्या आत वर येता कामा नये. वाढत्या मुलासाठी सूट द्यायचीच तर फार तर अर्ध्या मापाची. बोटाची परीक्षा वर आलीच आहे : टाचेमागे एक बोट कसेबसे जावे, दोन कधीही नाही.

लांबी जमली तरी रुंदी आणि खोली उरतेच. चवडा रुंद असेल तर रुंद घडणीचे स्केट वेगळे मिळतात. माझा स्वतःचा चवडा आयुष्यभर चपला घालून असा पसरला आहे की साधे स्केट मला दहा मिनिटेही सोसवेनात. खोली पाहण्यासाठी दुकानदाराने खिशातली पेन्सिल काढली. पाय आत, नाड्या सैल, आणि वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर पेन्सिल आडवी. ती बुटाच्या दोन्ही कडांवर सपाट टेकली तर ठीक. पायाच्या उंचवट्याला अडून डुगडुगली तर बूट उथळ. त्याच्या नाड्या पुढे पायाला काचणार.

हल्लीचे बरेचसे स्केट दुकानातल्या छोट्या भट्टीत काही मिनिटे गरम करतात. ते मऊ झाले की पायात घालून, नाड्या बांधून, निवेपर्यंत स्वस्थ बसायचे. बूट पायाचा आकार घेतो. त्यानंतर दिवसभर ते वापरायचे नाहीत. यातून जुन्या स्केटची मेख लक्षात येते : तो बूट आधीच दुसऱ्या कोणाच्या पायाचा आकार घेऊन बसलेला असतो. म्हणून जुने घेताना घोट्याजवळ दाबून पाहावे. तो भाग लुळा पडला असेल तर घेऊ नये. पाते धार लावून लावून झिजले नाही ना, त्यावर खोल गंज नाही ना आणि ते बसवलेले रिव्हेट हलत नाहीत ना, हेही पाहावे.

आता धारेविषयी. मी समजत होतो की स्केटचे पाते सुरीसारखे निमुळते असते. प्रत्यक्षात ते खालून पन्हळीसारखे खोलगट असते आणि त्या पन्हळीच्या दोन्ही बाजूंना दोन कडा असतात. खेळाडू एका कडेवर झुकतो, ती बर्फात रुतते, आणि तिच्यावर रेटा देऊन तो पुढे जातो. पन्हळ खोल असेल तर कड बर्फ चांगला धरते, पण घसरण मंदावते. उथळ असेल तर घसरण लांबते, पण पकड कमी होते. ही खोली मोजतात ती ज्या वर्तुळाचा तो तुकडा असेल त्याच्या त्रिज्येने. अर्धा इंच हे सर्वसाधारण माप. त्रिज्या लहान तितकी पन्हळ खोल. हलक्या वजनाच्या मुलाला थोडी खोल पन्हळ मानवते, वजनदार माणसाला उथळ. दोन्ही कडा सारख्या उंचीच्या हव्यात, नाहीतर स्केट एकीकडे ओढतो. धार आहे की नाही हे नखाने कळते : कडेवरून नख हलकेच ओढले की त्याचा भुगा निघाला पाहिजे. खेळून झाल्यावर पाते फडक्याने कोरडे करावे आणि सिमेंटवर त्याने कधीही चालू नये. नवे स्केट बहुधा धार न लावलेलेच येतात, हेही लक्षात ठेवावे.

एवढे झाल्यावर म्हाताऱ्याने स्टिक हातात घेतली, जमिनीला टेकवून वाकवायचा प्रयत्न केला आणि हसला. मैदानी हॉकीची काठी टणक असते. तिला लवचिकपणा असावा असे आपल्या मनातही येत नाही. येथे मात्र फटका मारताना स्टिक धनुष्यासारखी वाकते आणि सरळ होताना पकला, म्हणजे त्या सहा औंसांपर्यंत वजनाच्या रबरी चकतीला, फेकते. स्टिकवर एक आकडा छापलेला असतो. ती एक इंच वाकवायला साधारण किती पौंड जोर लागतो, हे तो सांगतो. ठोकताळा असा की हा आकडा खेळणाऱ्याच्या वजनाच्या निम्मा असावा. भाच्याचे वजन साठ पौंडांच्या आसपास. त्याला तीसची स्टिक हवी होती. मी दिली ती पंचाहत्तरची, आणि कापल्यामुळे ती आणखीच ताठ झालेली. पहारच ती! उंची मात्र मी बरोबर साधली होती : अनवाणी उभे राहिल्यावर नाकापर्यंत, स्केट घातल्यावर हनुवटीपर्यंत.

तिसरी चूक हाताची. मैदानी हॉकीत काठीची एकच बाजू सपाट असते आणि डावखुऱ्यालाही सर्वांसारखाच डावा हात वर, उजवा खाली धरावा लागतो. येथे तसे नाही. पाते डावीकडचे आणि उजवीकडचे असे वेगवेगळे वळवलेले असते. १९६०च्या दशकात शिकागोच्या स्टॅन मिकिटा आणि बॉबी हल यांनी वाकडे पाते लोकप्रिय केले. त्याआधी पाती बहुधा सरळ असत. उजव्या हाताने लिहिणारी पुष्कळ मुले तेथे उजवा हात वर आणि डावा खाली धरतात. दुकानदाराने भाच्याला लांब दांड्याचा झाडू दिला आणि बर्फाचा चुरा झाडायला सांगितले. त्याचा डावा हात आपसूक खाली गेला. मी मात्र महिनाभर त्याला माझ्या कॉलेजच्या मैदानावरची पकड शिकवत होतो.

पात्याचा दांड्याशी असलेला कोनही पाहावा लागतो. त्याची खूण सोपी : पात्याला गुंडाळलेली चिकटपट्टी टोकाशीच झिजू लागली किंवा टाचेशीच, तर कोन जमलेला नाही, मधोमध झिजली तर जमला. स्टिक कशाची, याला मी फार महत्त्व देणार नाही. नोव्हा स्कोशियातले मिकमॅक लोक पूर्वी ती हॉर्नबीम नावाच्या चिवट लाकडाची कोरत. पुढे अॅश झाडाचे लाकूड आले, १९८०च्या दशकात अॅल्युमिनियम, आणि आता कार्बन तंतूंची हलकी व महाग स्टिक सर्वत्र दिसते. शिकाऊ मुलाला साधी लाकडी स्टिकही पुरते. पैसे थोडे असतील तर ते आधी स्केटवर घालावेत, उरतील ते स्टिकवर.

आणि वाढत्या वयाचे काय? त्याचेही उत्तर तेथेच मिळाले. मुलांचे स्केट फार तर दोन हिवाळे टिकतात, म्हणूनच तर जुन्याचा एवढा बाजार. लहान झालेला जोड द्यायचा, वरचे थोडे पैसे भरायचे आणि पुढच्या मापाचा घ्यायचा. माझे चारचे स्केट असेच परत गेले आणि दोनचे आले. म्हाताऱ्याने त्यांना धार लावून दिली.

पुढच्या शनिवारी भाचा यायला तयार नव्हता. "एकदाच," असे म्हणून मी त्याला नेला. नाड्या मीच बांधल्या, खाली बसून, सांगितल्याप्रमाणे. तो कठड्याला धरून उभा राहिला. घोटे सरळ राहिले. त्याने खाली पायांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि कठडा सोडला. त्या दिवशीही तो सात-आठ वेळा पडलाच. पण एक पूर्ण फेरी त्याने पायांकडे न पाहता मारली. परत येताना गाडीत म्हणाला, "मामा, ते बूटच मोठे होते ना रे?" मी म्हटले, "हो. चूक माझी होती." तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत हसत होता.

मी शिक्षक आहे. वर्गात एखाद्याला काही जमेना की 'याच्यात दमच नाही' असे म्हणायला मला आजवर वेळ लागत नसे. आता तसे शब्द ओठांवर आले की तो म्हातारा दुकानदार आठवतो. त्याने मुलाला काही विचारण्याआधी गुडघा टेकला होता आणि त्याचा पाय हातात घेऊन पाहिला होता.