हॉइकच्या सुया आणि टिकणारा स्वेटर

दुकानात कॅश्मीअरचा स्वेटर हातात आला की माणूस तो आधी गालाला लावून पाहतो. मऊ लागला की चांगला, असा सरळ हिशेब. फसगत इथूनच सुरू होते. पहिल्याच स्पर्शाला अति मऊ लागणारा स्वेटर बऱ्याचदा कारखान्यात गरजेपेक्षा जास्त धुतलेला असतो. दोन हिवाळे गेले की त्याच्या काखेत आणि कुशीवर लोकरीच्या गोळ्या धरतात, कोपरं विरतात. वर्षानुवर्षं अंगावर राहणारा स्वेटर नवा असताना हाताला थोडा घट्ट, थोडा कोरडाच लागतो आणि वापरता वापरता मऊ होत जातो. स्कॉटलंडमधल्या हॉइक नावाच्या छोट्या गावाची सगळी पत या घट्टपणावर उभी आहे.

हॉइक इंग्लंडच्या सीमेजवळ, एडिंबरोच्या दक्षिणेला, टेव्हियट नदीच्या काठी वसलं आहे. वस्ती 14 हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या कित्येक तालुक्याच्या गावांहूनही कमी. 1771 मध्ये जॉन हार्डी या तिथल्या नगरपालाने पायमोजे विणण्याची चार यंत्रं गावात आणली. त्या जातीचं पहिलं यंत्र विल्यम ली या इंग्लिश पाद्र्याने 1589 मध्ये तयार केलं होतं. हॉइकमध्ये ते रुजलं, घराघरांत पोचलं, आणि 1822 मध्ये मजुरीच्या दरावरून विणकरांनी मोठा संपही केला. पायमोज्यांमागून लोकरीचे आतले कपडे आले. 1815 मध्ये प्रिंगल, 1874 मध्ये लाइल अँड स्कॉट आणि विल्यम लॉकी, 1903 मध्ये बॅरी, असे कारखाने उभे राहत गेले. विसाव्या शतकात आतला कपडा वर आला आणि त्याचा स्वेटर झाला. 1934 मध्ये प्रिंगलने ऑटो वाइस या ऑस्ट्रियन माणसाला खास डिझायनर म्हणून नेमलं. आत बिनबटणांचा स्वेटर आणि वर त्याच रंगाचा बटणांचा, ही बायकांची जोडी त्याने जगभर नेली.

पण ज्या बकरीपासून कॅश्मीअर मिळतो ती हॉइकमध्ये नाही. जगातला सर्वाधिक कॅश्मीअर चीनमधून येतो, विशेषतः आंतर मंगोलियातून. त्याखालोखाल मंगोलिया. कडाक्याच्या थंडीत तिथल्या बकऱ्यांना राठ केसांच्या खाली बारीक लव येते. वसंतात ती गळायला लागली की विंचरून काढायची. राठ केस वेगळे केल्यावर एका बकरीमागे उरणारी लव इतकी थोडी असते की एका स्वेटरला साधारण चार बकऱ्या लागतात.

या लवेची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास भरतो, उत्तम कॅश्मीअर 14 ते 16. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे सरासरी 19 मायक्रॉनपर्यंतच्या लवेला कॅश्मीअर म्हणता येतं. लांबीबद्दल तो कायदा काहीही मागत नाही, आणि टिकाऊपणाचं मर्म तर लांबीत आहे. 35 ते 40 मिलिमीटरची लव पिळाच्या धाग्यात दूरवर गुंफली जाते, ती सहजी सुटत नाही. तीच 25 मिलिमीटरची असली की टोकं लवकर बाहेर पडतात, घासली जातात, एकमेकांत गुंततात आणि गोळी बनते. एकोणिसाव्या शतकात ब्रॅडफर्डच्या जोसेफ डॉसनने राठ केस यंत्राने वेगळे करण्याची सोय केली म्हणून हा धंदा वाढला. पण हलका माल याच यंत्रातून पुन्हा पुन्हा काढला तर लव तुटते. लांब लवेचा स्वेटर आणि तुटक्या लवेचा स्वेटर, दोन्हींच्याही चिठ्ठीवर ‘100 टक्के कॅश्मीअर’ असंच छापलेलं असतं. ते खोटं नसतं, पण गिऱ्हाइकाला हवी ती माहिती त्यात नसते.

इथे लडाखचा विषय निघणारच. चांगथांगच्या पठारावर चांगपा मेंढपाळ ज्या बकऱ्या पाळतात त्यांची लव 12 ते 14 मायक्रॉनची, जगातल्या सर्वांत तलम लवांपैकी एक. ती श्रीनगरला जाते, चरख्यावर कातली जाते आणि मागावर तिची पश्मिन्याची शाल होते. शालीसाठी याहून सरस काही नाही. शाल खांद्यावर पडून राहते. स्वेटरचं कोपर टेबलावर घासतं, पट्टा कमरेला घासतो, बाही दिवसातून दहादा वर सारली जाते. म्हणून जितकं तलम तितकं उत्तम हा शालीचा न्याय स्वेटरला जसाच्या तसा लावू नये, असं माझं मत आहे.

धागा कातण्याचं काम हॉइकबाहेर होतं. किनरॉस गावी लॉक लेव्हन तळ्याकाठी टॉड अँड डंकनची गिरणी आहे. तिथे लव आधी रंगवतात आणि मग काततात. फिकट रंगाच्या स्वेटरला मुळात पांढरी लव हवी. काळपट लव ब्लीच करून पांढरी केली तर तिचा जीव तिथेच कमी होतो. चांगला धागा दुपदरी असतो, म्हणजे दोन एकेरी धागे एकमेकांवर पिळलेले. एकेरी धाग्याचा स्वेटर हलका आणि देखणा दिसतो, पण त्याला भोक लवकर पडतं, आणि एकेरी पिळामुळे कधी कधी अख्खी शिवण तिरकी फिरते.

आता विणकाम. लफबरोच्या विल्यम कॉटनने 1864 मध्ये एका यंत्राचं पेटंट घेतलं आणि हॉइकची पुढची शंभर वर्षं त्या यंत्राने घडवली. एका सरळ दांड्यावर शेकडो बारीक सुया, प्रत्येकीचं टोक आकड्यासारखं वळवलेलं. धागा सगळ्या सुयांवरून सरकतो, दांडा खाली-वर होतो आणि ओळीचे सगळे टाके एका दमात पडतात. खरी करामत कडेला होते. काखेपाशी कापड अरुंद व्हायची वेळ आली की कडेचे टाके उचलून आतल्या सुयांवर ठेवले जातात. कापड कापावंच लागत नाही. पाठ, छाती, बाह्या, प्रत्येक भाग आपापल्या आकारातच यंत्रावरून उतरतो. स्वस्त स्वेटर थानासारख्या सलग कापडातून कापून शिवतात. कापलेल्या कडेचे टाके मोकळे होतात, ते उसवू नयेत म्हणून त्यांना जाड ओव्हरलॉक मारतात, आणि तो ताण बरोबर काखेत आणि खांद्यावर येतो.

सुटे भाग जोडण्याच्या कामाला तिथे लिंकिंग म्हणतात. मला या सगळ्या धंद्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे काम. कारागिरापुढे एक आडवं गोल चाक असतं, त्याच्या कडेला बाहेर तोंड केलेल्या अणकुचीदार काट्यांची रांग. गळ्याच्या पट्टीच्या कडेचा एकेक टाका एकेका काट्यावर चढवायचा, त्यावर अंगाच्या भागाचा टाका, हाताने, नजरेने, एकही न चुकवता. चाक हळूहळू फिरतं आणि सुई दोन्ही टाके एका धाग्यात ओवत जाते. टाके मोहरीच्या दाण्याहून लहान. गडद निळ्या किंवा काळ्या धाग्यात ते दिसतही नाहीत, बोटांनाच कळावे लागतात. एक जरी टाका काट्यावरून निसटला तरी तिथून ओळ उसवत खाली जाते. म्हणून या कामाला तरबेज हात तयार व्हायला फार काळ लागतो. अशी जोडलेली गळ्याची शिवण जवळजवळ सपाट बसते, ताणली तर ताणते आणि पुन्हा जागेवर येते.

यंत्रावरून उतरलेला स्वेटर तेलकट आणि निबर असतो, कारण कातताना धाग्याला तेल दिलेलं असतं. तो साबणाच्या पाण्यात घुसळून धुतात, तेव्हा लव उमलते. टेव्हियटचं पाणी मृदू आहे, ही गावाची मोठी जमेची बाजू. किती वेळ घुसळायचं हे मात्र माणसाने ठरवायचं. जास्त वेळ ठेवला तर दुकानात हात लावताच विकला जाईल असा मऊ होतो आणि लव धाग्यातून आधीच अर्धी बाहेर येते. हॉइकच्या जुन्या कारखान्यांनी इथे हात राखला. उरलेला मऊपणा त्यांनी वापरणाऱ्यावर सोडला.

गावाचे दिवस मात्र सारखे राहिले नाहीत. 2005 मध्ये कापडव्यापारावरचं जुनं आंतरराष्ट्रीय कोट्याचं बंधन उठलं आणि स्वस्त कॅश्मीअर युरोप-अमेरिकेच्या बाजारात मुबलक येऊ लागला. वाढत्या मागणीची झळ कुरणांना तर त्याआधीपासूनच लागत होती. मंगोलियात 1990 नंतर बकऱ्यांचे कळप भराभर वाढले आणि गवताळ जमिनी झिजल्या. टॉड अँड डंकन 2009 मध्ये चिनी कंपनीकडे गेली, बॅरी 2012 मध्ये शनेलने घेतली. जपानच्या शिमा सेइकीने 1995 मध्ये अख्खा स्वेटर बिनशिवणीचा विणणारं यंत्र आणलं. त्याच कंपनीची संगणकी यंत्रं आज हॉइकमध्येही आहेत. याला मी ऱ्हास म्हणणार नाही. विणणारं यंत्र बदललं तरी धाग्याची पारख, टाक्यांची घट्टी आणि धुण्याचा अंदाज माणसाकडेच आहे. शनेलने कारखाना घेतला तो या हातांसाठीच. इटलीतही उत्तम काम होतं, आणि चीनमधले चांगले कारखाने लांब लव स्वतःकडे राखून सुरेख स्वेटर विणतात. हॉइकचा छाप नसलेला स्वेटर वाईट, असं कुणी समजू नये.

मुलगा-सून लंडनला आहेत, डिसेंबरात जाणं आहे, तेव्हा एक चांगला स्वेटर घ्यावा असं वाटणारे मराठी वाचक आता पुष्कळ आहेत. त्यांनी स्वेटर आधी उलटा करावा. काखेच्या शिवणीलगत टाके तिरपे वळल्याच्या बारीक खुणांची रांग दिसली तर भाग बहुधा आकारातच विणलेला आहे. तिथे जाड ओव्हरलॉक दिसला तर कापलेला. मग कमरेची पट्टी दोन्ही हातांनी ताणून सोडावी, ती चटकन मिटली पाहिजे. स्वेटर उजेडासमोर धरावा. आरपार फार दिसत असेल तर वीण सैल आहे. तळव्याने छातीवर थोडा वेळ घासून पाहावं. लव लगेच उठून जमा झाली तर तो तसाच घडी घालून परत द्यावा. चिठ्ठी पूर्ण वाचावी, कारण ‘स्कॉटलंडमध्ये आरेखित’ आणि ‘स्कॉटलंडमध्ये तयार’ यांत फरक आहे.

सुरुवातीला थोड्या गोळ्या चांगल्या स्वेटरलाही येतात. त्या अलगद काढाव्यात, दोन-तीन धुण्यांनंतर कमी होतात. सलग दोन दिवस एकच स्वेटर घालू नये. कोमट पाण्यात सौम्य साबणाने किंवा रिठ्याच्या पाण्याने धुवावा, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढावं आणि आडवा वाळवावा. हँगरवर टांगला की खांदे लोंबतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याचा खरा वैरी कसर. घामाच्या, अन्नाच्या डागांवर ती आधी येते. त्यामुळे न धुतलेला स्वेटर कपाटात ठेवू नये. धुऊन, कडक वाळवून, बंद पिशवीत ठेवावा. नुसत्या डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नये.

आणि कोपर विरलंच तर स्वेटर टाकू नका. आपल्या शहरांत अजून रफूगर आहेत, त्यांच्याकडे न्या. चांगल्या स्वेटरसोबत त्याच धाग्याची छोटी गुंडी बहुतेक वेळा मिळते. ती पहिल्याच दिवशी जपून ठेवा. रफू करताना तोच रंग दुसरीकडे शोधून सापडत नाही.