न दुखणारा फोड

केसपेपरवर तक्रार लिहिलेली असते कंबरदुखीची. लैंगिक आजारांसाठीच्या सुरक्षा क्लिनिकमधल्या समुपदेशक ताई त्यावर काही बोलत नाहीत. दार लावून घेतात, बाईला बसवतात आणि पाळी, बाळंतपणं, ऑपरेशन असं विचारत विचारत पुढे सरकतात. “अंगावरून पांढरं जातं का? लघवीला जळजळ? खालच्या जागी फोड, जखम? जांघेत गाठ?”

“फोड आहे एक. पण दुखत नाही ताई, म्हणून राहू दिला.”

ताई लगेच डॉक्टर मॅडमना बोलावतात. सिफिलिसचा फोड बहुधा दुखत नाहीच. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी उठतो आणि औषध न घेताही काही आठवड्यांत भरून येतो. जंतू मात्र रक्तात राहतात. बाईला वाटतं, बरं झालं.

पडद्याआड मॅडम दिवा जवळ ओढतात, सोबत नर्स असते. फोड एक की अनेक, कडा टणक की मऊ, तळाशी पू आहे का, हे आधी डोळ्यांनी आणि मग हातमोजा घालून बोटांनी पाहायचं. मग स्पेक्युलम, कारण जखम आत किंवा गर्भाशयाच्या तोंडावर असली तर बाईला स्वतःला ती दिसत नाही. बारीक पाणीदार फोडांचा पुंजका, आग आणि पुन्हापुन्हा उठण्याचा इतिहास असेल, तर संशय हर्पिसवर जातो. मेडिकलमधून आणलेली स्टिरॉइडची ट्यूब लावली असेल, तर ही सगळी लक्षणं पुसट होतात. त्यामुळे “काय लावलंत?” हा प्रश्न ठरलेला.

दुसरा ठरलेला प्रश्न तोंड येण्याचा. तोंडात आणि खाली वारंवार जखमा होणं हे बेशेट नावाच्या आजाराचं लक्षण असू शकतं. एखाद्या गोळीची रिअ‍ॅक्शनही तिथे उठते. कधीच संबंध न आलेल्या मुलींनाही तापानंतर अशा जखमा झालेल्या आढळतात. फोड दिसला म्हणून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करता येत नाही, हे मॅडम बाईबरोबर आलेल्या सासूलाही स्पष्ट सांगतात.

सिफिलिस आणि एचआयव्हीसाठी रक्त घेतात. पण फोड नवा असताना सिफिलिसची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून उपचार रिपोर्टसाठी थांबत नाहीत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने औषधांची रंगीत किटं ठरवून दिली आहेत. हर्पिस नसलेल्या जखमेला पांढरं, पेनिसिलिन चालत नसेल तर निळं, हर्पिसला लाल. पांढऱ्यात अ‍ॅझिथ्रोमायसिनची 1 ग्रॅमची मात्रा आणि बेंझाथिन पेनिसिलिनचं 24 लाख युनिटचं इंजेक्शन. सगळं मोफत.

इतकी सोय असून बाई कंबरदुखी का सांगते? गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या गावांत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ताईंचं बंद दार आणि त्यांचे साधे प्रश्न म्हणूनच औषधाइतके मोलाचे आहेत.

सगळ्यात अवघड काम शेवटी येतं, नवऱ्याला बोलावण्याचं. त्याला काहीच त्रास नसतो, आणि बाईला भीती असते की दोष आपल्यावर येईल. ताई तिला एक चिठ्ठी देतात आणि नवऱ्याला काय सांगायचं ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतात. त्याचा उपचार होईपर्यंत संबंध टाळायचे, नाहीतर निरोध. सातव्या दिवशी जखम दाखवायला यायचं. सिफिलिस निघाला तर तीन आणि सहा महिन्यांनी पुन्हा रक्त द्यायचं, म्हणजे चाचणीतला आकडा उतरतो आहे की नाही ते कळतं. आणि दिवस गेलेले असतील तर आजच सांगायचं, कारण वेळेवर दिलेलं पेनिसिलिन पोटातल्या बाळालाही वाचवतं.