नंबर सोबत येईल का?

मुलांनो, घर बदलायचे म्हटले की केवढी धांदल उडते! भांडीकुंडी बांधायची, कपाटे रिकामी करायची, पुस्तकांचे गठ्ठे करायचे. टेम्पो दाराशी येतो आणि एकेक वस्तू त्यात चढते. पण घरातील एक गोष्ट अशी आहे, की ती टेम्पोत ठेवता येत नाही. ती म्हणजे टेलिफोनचा नंबर.

समजा, तुमचे घर जळगावला मेहरूण भागात आहे. घरात पंचवीस वर्षांपासून तारेचा फोन आहे. मालेगावची फुफी ईदच्या दिवशी याच नंबरावर फोन करते. परदेशात नोकरी करणारे मामू याच नंबरावर बोलतात. दादींना वाचता येत नाही. मोबाईलही त्यांना जमत नाही. पण हा नंबर मात्र त्यांना तोंडपाठ आहे. एक दिवस अब्बा सांगतात, "पुढच्या महिन्यात आपण घर बदलणार." दादी लगेच विचारतात, "आणि आपला नंबर? तो सोबत येईल का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी नंबर म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ.

अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे पेटंट 1876 साली मिळाले. सुरुवातीला फोनला नंबर नव्हते. ऑपरेटरला नाव सांगायचे, की तो एका फळीवरील छिद्रात तार खोचून दोन घरे जोडून देई. 1879 साली अमेरिकेतील लॉवेल गावात गोवराची साथ आली. तेथील डॉक्टर मोझेस पार्कर यांना काळजी वाटली. कोणाची तार कोठे आहे, हे फक्त ऑपरेटरांनाच पाठ होते. तेच आजारी पडले, तर नव्या माणसाला काय कळणार? त्यांनी सुचवले, की प्रत्येक फोनला एक आकडा द्यावा. तेव्हापासून नंबर आले, असे सांगतात. म्हणजे नंबर हे माणसाचे नाव नव्हते. ते तारेच्या जागेचे नाव होते. दादींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच आहे.

आता तुमच्या घरातील तारेचा माग काढा. फोनपासून निघालेली तांब्याच्या तारांची जोडी गल्लीतील डीपीत, म्हणजे खांबावरच्या पेटीत जाते. तेथून ती जाड केबलमध्ये शिरते आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पोहोचते. एक्स्चेंजमध्ये एक मोठी चौकट असते. तिच्या एका बाजूला गावातून आलेल्या तारा असतात आणि दुसऱ्या बाजूला यंत्राकडे जाणाऱ्या तारा. दोन्हींना जोडणाऱ्या छोट्या तारेला जंपर म्हणतात. तुमचा नंबर यंत्राच्या बाजूला असतो आणि तुमचे घर गावाच्या बाजूला.

समजा, तुम्ही मेहरूणमध्येच दोन गल्ल्या सोडून राहायला गेलात. नव्या घराची तारही त्याच एक्स्चेंजमध्ये येते. मग लाइनमन जुन्या तारेचा जंपर काढतो आणि नव्या तारेला जोडतो. नंबर तोच राहतो. फुफीला काही कळतही नाही!

नवे घर शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर आधी विचारायचे, "हे घर आमच्याच एक्स्चेंजच्या हद्दीत येते का?" हद्द बदलली, की नंबरही बदलू शकतो. कारण पूर्वीपासून नंबरातील पहिले आकडे एक्स्चेंज सांगत आणि शेवटचे चार आकडे ग्राहक. आता कित्येक ठिकाणी तांब्याच्या तारेऐवजी ऑप्टिकल फायबर आले आहे. तेथे एकाच गावात नंबर हलवणे पूर्वीपेक्षा सोपे आहे. म्हणून आपणच ठरवून टाकू नये, कार्यालयात जाऊन विचारावे.

पण अब्बांची बदली धुळ्याला झाली असेल तर? आता गणित करा. जळगावचा एसटीडी कोड 0257. सुरुवातीचे शून्य सोडले, तर तीन आकडे उरतात. त्यापुढे सात आकडी नंबर. एकूण दहा आकडे झाले. धुळ्याचा कोड 02562. शून्य सोडले, तर चार आकडे. त्यापुढे सहा आकडी नंबर. हेही दहाच. जळगावचा सात आकडी नंबर धुळ्यात मावतच नाही! शिवाय 0257 फिरवले, की फोन जळगावच्या दिशेनेच निघतो. देशात असे अडीच हजारांहून अधिक टेलिफोन विभाग आहेत आणि प्रत्येकाला आपला कोड आहे. पत्रावरच्या पिनकोडसारखेच हे आहे. जळगावचा 425001 हा पिनकोड धुळ्याच्या घराला चालेल का?

"मग मोबाईलचा नंबर कसा राहतो?" असे तुम्ही विचाराल. मोबाईलच्या नंबरात गावाचा कोड नसतो. कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवण्याची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर सुरू झाली. 3 जुलै 2015 पासून दुसऱ्या राज्यात गेले तरी नंबर तोच ठेवता येतो. अशा नंबरावर फोन केला, की तो आता कोणत्या कंपनीकडे आहे, हे आधी संगणकातील नोंदीत पाहिले जाते. तारेच्या फोनचा नंबर मात्र गावाशी बांधलेला आहे.

म्हणून घर बदलण्यापूर्वी काही कामे करावीत. एक, बिल भरून टाकावे आणि नव्या पत्त्याच्या पुराव्यासह फोन हलवण्याचा अर्ज करावा. अर्ज सामान बांधण्याच्या दिवशी नव्हे, काही आठवडे आधी द्यावा. दोन, नंबर बदलणार असेल, तर जुना फोन चालू असतानाच सर्वांना नवा नंबर कळवावा. तीन, बँक, शाळा, गॅस एजन्सी, दवाखाना येथील नोंदी बदलून घ्याव्यात. बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मग तुमचे निरोप परक्या घरी जातील.

चौथे काम सर्वांत महत्त्वाचे आहे. ज्यांचे नंबर तुमच्या वहीत आहेत, त्यांना तुम्ही कळवाल. पण काही माणसांकडे तुमचा नंबर असतो आणि त्यांचा नंबर तुमच्याकडे नसतो. दादींची लहानपणची मैत्रीण वर्षातून एकदा कोणाच्या तरी फोनवरून बोलते. तिला कसे कळवणार? म्हणून जमत असेल, तर जुना फोन लगेच बंद करू नये. काही महिने त्याचे भाडे भरावे आणि त्यावर येणारे फोन नव्या नंबराकडे वळवण्याची सोय मागावी. डाकघरही अर्ज दिल्यावर जुन्या पत्त्यावरची पत्रे नव्या पत्त्यावर पाठवते. हे तसेच आहे.

आता दादींना काय सांगाल? "दादी, धुळ्याला जायचे असेल, तर नंबर जळगावलाच राहील. तो त्या तारेचा आहे. पण तुमची माणसे तारेची नाहीत. त्यांना आपण एकेक करून नवा नंबर सांगू." मग त्यांना नवा नंबर म्हणून दाखवा. पाठ करायला घरचा आकडा एकाने कमीच आहे! चार दिवसांत त्या तुम्हालाच तो म्हणून दाखवतील.

स्वाध्याय

1. लॉवेल गावातील डॉक्टरांना कोणती काळजी वाटली?
2. जळगावचा नंबर धुळ्यात का चालत नाही?
3. जुना फोन काही महिने चालू ठेवल्याने कोणाची सोय होते?
4. उपक्रम : घरातील मोठ्या माणसांना तोंडपाठ असलेले नंबर विचारा. ते कोणाचे आहेत आणि ते का पाठ आहेत, हे पाच वाक्यांत लिहा.