पाच टक्क्यांचं युद्ध आणि रातांब्याची बी

परदेशातून येणारे नातेवाईक चॉकलेटं आणतात, ती घरात वाटून संपतात आणि वेष्टनं माझ्याकडे जमा होतात. चवीतलं मला फारसं कळत नाही. माझा जीव रमतो तो मागच्या बारीक अक्षरांत. डेअरी मिल्कचंच घ्या. ब्रिटनच्या वेष्टनावर घटकांच्या यादीत पहिलं नाव दुधाचं, अमेरिकेच्या वेष्टनावर साखरेचं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, त्यामुळे नाव आणि जांभळा रंग तेच असले तरी वड्या दोन वेगळ्या आहेत. ब्रिटिश यादीत पुढे पाम आणि शिआ या वनस्पती चरब्याही भेटतात. अमेरिकी यादीत त्या नाहीत. या एका ओळीपायी युरोपात जवळजवळ तीस वर्षं भांडण चाललं आणि त्याच्या तहनाम्यात चक्क आपलं कोकम सापडतं.

अमेरिकेचं आधी आटोपून घेतो. तिथे कॅडबरी बनवण्याचा परवाना १९८८पासून हर्शीकडे आहे. हर्शीच्या स्वतःच्या चॉकलेटला एक आंबूस झाक असते. दुधातल्या चरबीचं विघटन होऊन तयार होणारं ब्युटिरिक आम्ल त्यामागे आहे, असं रसायनतज्ज्ञ सांगतात. कंपनीने आपली कृती कधी उघड केलेली नाही. अमेरिकी माणूस याच चवीवर वाढतो, युरोपीय माणूस तोंड वाकडं करतो. मात्र ज्या अमेरिकेत मिल्क चॉकलेटला १० टक्के कोको पुरतो, तिथे कोकोच्या लोण्याऐवजी दुसरी वनस्पती चरबी घालायला कायद्याने बंदी आहे. २००७मध्ये उत्पादकांच्या संघटनेने ही बंदी सैल करण्याच्या मागणीला पाठिंबा दिला, तेव्हा ग्राहक खवळले, मार्ससारख्या कंपनीनेही आपण कोकोचं लोणीच वापरणार असं जाहीर केलं आणि विषय बारगळला.

युरोपातलं प्रकरण मात्र चवीने वाचण्यासारखं आहे. १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क युरोपीय आर्थिक समुदायात दाखल झाले. त्याच वर्षी जुलैत चॉकलेटविषयीचा सामायिक कायदा आला. जुन्या सहा देशांच्या मते चॉकलेटात चरबी कोकोचीच हवी, दुधाची चालेल, बाकी काही नाही. ब्रिटिश कारखाने तर पिढ्यान्‌पिढ्या थोडी दुसरी वनस्पती चरबी घालत आले होते. मग तोडगा निघाला की ज्यांच्याकडे चालतं त्यांच्याकडे चालू द्यावं, कायमचा निर्णय पुढे बघू. ही तात्पुरती सवलत २७ वर्षं टिकली. पुढे पोर्तुगाल, ऑस्ट्रिया, फिनलंड आणि स्वीडन समुदायात आले, तेही चरबीवाल्या गोटातले. अशा रीतीने पंधरा देशांत सात विरुद्ध आठ अशी फळी पडली. फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी, इटली, स्पेन, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि ग्रीस हे शुद्धतावादी.

शुद्धतावाद्यांनी ब्रिटिश मालाला वेगळं नाव द्यायचा घाट घातला. ‘व्हेजलेट’ हा शब्द याच वादातला. दुधावरूनही जुंपलीच होती. मिल्क चॉकलेटात कोको किमान २५ टक्के आणि दूध १४ टक्के हे युरोप खंडाचं माप; ब्रिटिशांचं माप दोन्ही २०. शेवटी ब्रिटन आणि आयर्लंडला आपापल्या घरी ‘मिल्क चॉकलेट’ म्हणायची मुभा मिळाली आणि इतरत्र त्याच वडीचं ‘फॅमिली मिल्क चॉकलेट’ असं बारसं झालं.

मला हे सगळं आपल्याकडच्या सोवळ्यासारखं वाटतं. निष्ठा खरी असते, पण त्या आडून स्वयंपाकघरावरचा ताबाही राखायचा असतो. बेल्जियमच्या कारागिराची कोकोवरची श्रद्धा मी खोटी म्हणणार नाही. पण स्वस्त ब्रिटिश माल दारात आला की तीच श्रद्धा जकातनाक्याचं काम करते. उलट बाजूही धुतल्या तांदळाची नव्हती. कोकोचं लोणी महाग, सौंदर्यप्रसाधनवाल्यांनाही तेच हवं. त्यातलं थोडं वाचलं तर कारखानदाराचा फायदा उघड होता. आयव्हरी कोस्ट आणि घानासारखे कोको पिकवणारे देश त्यामुळेच धास्तावले होते, तर शिआची झाडं असलेल्या बुर्किना फासो आणि मालीला हीच संधी दिसत होती.

२३ जून २०००च्या निर्देशाने निकाल लावला. तयार चॉकलेटात पाच टक्क्यांपर्यंत इतर वनस्पती चरबी सर्व देशांत चालेल. मात्र ती आहे हे घटकांच्या यादीजवळ, तिच्यापासून वेगळं आणि ठळक अक्षरांत छापावं लागेल. तरी स्पेन आणि इटली अशा मालावर ‘चॉकलेटचा पर्याय’ असं लिहायला लावतच होते. १६ जानेवारी २००३ रोजी युरोपीय न्यायालयाने दोघांनाही चूक ठरवलं. दुसऱ्या देशात रीतसर चॉकलेट म्हणून विकला जाणारा माल नाव बदलून कमअस्सल ठरवता येणार नाही, असा निर्णय झाला. इटलीने मग आपल्या मालावर ‘शुद्ध चॉकलेट’ लिहिण्याची सोय केली. २०१०मध्ये न्यायालयाने तीही मोडीत काढली.

इतपत बातम्यांत येऊन गेलं आहे. मला घबाड सापडलं ते निर्देशाच्या दुसऱ्या परिशिष्टात. चॉकलेटात कोणत्या चरब्या चालतील याचा तिथे छोटासा तक्ता आहे. चरबी कोकोच्या लोण्याशी कोणत्याही प्रमाणात एकजीव व्हावी, तिच्या रेणूंची ठेवण तशीच असावी आणि ती केवळ शुद्धीकरणाने किंवा घटक वेगळे करून मिळवलेली असावी, अशा अटी आहेत. त्यांत बसणाऱ्या चरब्या सहाच: बोर्निओची इलिपे, पाम, साल, शिआ, कोकम आणि आंब्याची कोय. कोकमापुढे शास्त्रीय नावही दिलं आहे, गार्सिनिया इंडिका. सहापैकी साल, कोकम आणि आंबा ही तीन झाडं आपल्याकडची. खोबरेलाला मात्र दार बंद आहे. ते आइस्क्रीम आणि तशाच गोठवलेल्या पदार्थांसाठीच्या चॉकलेटापुरतं चालतं. कारण त्याच्या रेणूंचं कोकोशी पटत नाही.

कोकमाचं पटतं, एवढंच नव्हे तर ते कोकोला आधार देतं. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून ते तोंडात विरघळतं आणि मे महिन्यात पिशवीतही. कोकमाच्या चरबीत निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असतं; ती ४० अंशांच्या आगेमागे वितळते. ती थोडी मिसळली की चॉकलेट घट्ट होतं आणि उष्ण हवेत तग धरतं, हे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं आहे. आणि आपल्याकडे? भारताच्या २०११च्या अन्न नियमावलीत चॉकलेटात कोकोखेरीज दुसरी वनस्पती चरबी वर्ज्य होती. म्हणजे कोकम ब्रसेल्सला चालत होतं, दिल्लीला नाही. पाच टक्क्यांची सवलत आपल्याकडे नंतर आली.

कोकणात आणि गोव्यात ही चरबी कुणाला नवी नाही. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून साली आमसुलांसाठी वाळत पडतात, तेव्हा बिया बाजूला काढतात. त्या उन्हात कडकडीत वाळवायच्या, टरफल फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा आणि निवू द्यायचा. वर तरंगून थिजलेली चरबी काढून मुठीत दाबून गोळे करायचे. हेच मुठेल. पायांच्या भेगांना ते लावतात, स्वयंपाकातही वापरतात. काम घरगुती, तेही पावसाच्या तोंडावरचं. रातांबा एप्रिल-मेपासून जूनपर्यंत पिकतो. पाऊस लवकर आला तर बिया वाळत नाहीत, बुरशी धरते आणि त्या फेकून द्याव्या लागतात. कारखान्याला हवी असते एकसारख्या प्रतीची चरबी, तीही टनांनी. त्यामुळे परिशिष्टात सहा नावं असली तरी वेष्टनांवर मला भेटतात ती बहुधा पाम आणि शिआ हीच दोन.

पामला बट्टा लागला आहे, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. २००९मध्ये न्यूझीलंडच्या कॅडबरीने डेअरी मिल्कमध्ये पामची चरबी घातली. पावसाळी जंगलं आणि ओरांगउटान यांच्या काळजीने लोक संतापले, ऑकलंडच्या प्राणिसंग्रहालयाने तो माल विकणं थांबवलं आणि काही आठवड्यांतच कंपनीने माफी मागून बदल मागे घेतला. कोकमासाठी कुणी जंगल तोडत नाही. परसातल्या, बांधावरच्या आणि रानातल्या झाडाखाली जे पडतं ते गोळा करायचं असतं.

तेव्हा कोकणातल्या बागायतदारांना, सहकारी संस्थांना आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाला सांगणं एवढंच: आमसुलांचा बाजार बसवलात, आता बियांचाही बसवा. गावोगावी पावसाआधी बिया वाळवायची सोय करा, वाळल्या बीला ठरलेला दर द्या, चरबीची प्रत तपासून घ्या. युरोपची परवानगी २३ जून २०००लाच मिळाली आहे. राहिला आहे तो माल पुरवायचा.