एकाच वाडीत दोन गणेश चतुर्थ्या! रत्नागिरीत काही घरांत बाप्पा महिनाभर आधी का येतो?

२० ऑगस्ट २०२३, रविवार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या काही घरांत त्या दिवशी गणपती बसला. उकडीचे मोदक झाले, आरत्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमीची भाजीही झाली. शेजारच्या घरात मात्र श्रावण लागून जेमतेम चार दिवस झाले होते आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे २१ ऑगस्टला, त्यांची नागपंचमी होती. त्यांच्याकडे गणपती आला तो १९ सप्टेंबरला. बरोबर तीस दिवसांनी.

गाव एक, देव एक, आरतीही तीच. मग मधे अख्खा महिना आला कुठून?

असं वर्ष आलं की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज फिरू लागतात. ‘खरी चतुर्थी कोणती?’, ‘शास्त्र बदललं का?’, ‘कोकणात लोक मनाला येईल तेव्हा गणपती बसवतात का?’ यातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर गमतीशीर आहे. चतुर्थी दोघांचीही खरीच असते. भांडण असतं ते महिन्याच्या नावाचं.

आधी गाव कोणाचं पंचांग पाळतं ते बघू

महाराष्ट्रातली बहुतेक घरं सणवार बघतात ते दाते पंचांगात, किंवा भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’मध्ये. दोन्हीकडे सणांच्या तारखा सारख्याच असतात. पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या टिळक पंचांग पाळतात. पुण्या-मुंबईतही अशी घरं आहेत. टिळक म्हणजे लोकमान्य टिळकच. त्यांचा जन्म १८५६ सालचा आणि तोही रत्नागिरीतलाच.

एरवी या दोन पंचांगांतला फरक कोणाच्या लक्षातही येत नाही. एकादशी, संकष्टी, पौर्णिमा, अमावास्या सगळं सोबतच चालतं. याचं कारण तिथी कशी ठरते त्यात आहे. चंद्र सूर्यापासून किती अंश पुढे गेला, एवढ्यावरच तिथी ठरते. बारा अंशांची एक तिथी. दोघांमधलं अंतर मोजायचं असेल तर मोजपट्टी कुठून सुरू होते याला महत्त्व नसतं. म्हणून २० ऑगस्ट २०२३ला दोन्ही पंचांगांत शुद्ध चतुर्थीच होती. एकाने तिला श्रावण शुद्ध चतुर्थी म्हटलं, दुसऱ्याने भाद्रपद शुद्ध चतुर्थी. आणि गणपती बसतो तो भाद्रपदातल्या चतुर्थीला.

महिन्याला नाव कोण देतं?

इथे सूर्य येतो. आपला महिना चंद्राचा, अमावास्येपासून अमावास्येपर्यंत, साधारण साडेएकोणतीस दिवसांचा. पण त्याचं नाव सूर्याच्या राशीवरून ठरतं. ज्या चांद्रमहिन्यात सूर्य सिंह राशीत शिरतो तो श्रावण, ज्यात कन्या राशीत शिरतो तो भाद्रपद.

चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात आणि सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकराएक दिवसांची तूट पडते. त्यामुळे साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी एक चांद्रमहिना असा येतो की त्यात सूर्य रासच बदलत नाही. तो अधिक महिना. हिजरी कॅलेंडरमध्ये असा महिना घालत नाहीत, म्हणून रमजान दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतो. आपल्याकडे घालतात, म्हणून दिवाळी कधी उन्हाळ्यात येत नाही.

आता २०२३चा हिशेब बघा. त्या वर्षी १६ ऑगस्टला अमावास्या होती. दाते पंचांगाप्रमाणे सूर्य सिंह राशीत गेला १७ ऑगस्टला. म्हणजे अमावास्या होऊन गेल्यावर. त्यामुळे १८ जुलै ते १६ ऑगस्ट हा महिना संक्रांतीविना गेला, तो अधिक श्रावण झाला आणि खरा श्रावण, म्हणजे निज श्रावण, १७ ऑगस्टपासून धरला गेला. टिळक पंचांगाप्रमाणे सूर्य १३ ऑगस्टच्या सुमारासच सिंहेत गेला होता. त्यामुळे तो महिना सरळ श्रावण ठरला आणि पुढचा भाद्रपद.

एका दिवसाने हुकलं आणि महिन्याचा फरक पडला.

सूर्य एकच, मग रास वेगळ्या दिवशी कशी बदलते?

सगळ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. आकाशात सूर्याच्या वाटेवर राशींच्या रेषा आखलेल्या नाहीत. ३६० अंशांचं वर्तुळ आहे, त्याचे बारा भाग करायचे आहेत. पण पहिला भाग, म्हणजे मेष, सुरू कुठून करायचा?

एक मत असं की चित्रा नक्षत्राचा ठळक तारा धरा आणि त्याच्या बरोबर समोरचा, १८० अंशांवरचा बिंदू म्हणजे मेषेची सुरुवात. हा चित्रा पक्ष. दुसरं मत असं की रेवती हे शेवटचं नक्षत्र, तेव्हा रेवतीच्या ताऱ्यापाशीच वर्तुळ संपायला आणि सुरू व्हायला हवं. हा रेवती पक्ष. त्यासाठी जो तारा धरला जातो तो अगदी मंद आहे. त्याचं पाश्चात्त्य नाव झीटा पिशियम, आणि शहरातल्या उजेडात तो शोधूनही सापडत नाही.

या दोन आरंभबिंदूंमध्ये अंतर आहे सुमारे चार अंशांचं. सूर्य दिवसाला साधारण एक अंश सरकतो. म्हणजे टिळक पंचांगात प्रत्येक संक्रांत चार दिवस आधी येते. बाकी सगळं याच चार दिवसांतून निघतं.

हा वाद रत्नागिरीत सुरू झाला नाही. कोकणाशी मात्र त्याचं जुनं नातं आहे. महाराष्ट्रात शतकानुशतकं पंचांगं केली जात ती ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून. तो १५२० साली रचला गणेश दैवज्ञांनी, तेही कोकणातल्या नांदगावचे. गणित सोपं होतं, पण काळ गेला तसा आकाश आणि पंचांग यांचा मेळ बसेना. पंचांगात ग्रहणाची एक वेळ आणि प्रत्यक्षात दुसरीच, असं होऊ लागलं. एकोणिसाव्या शतकात गणिताचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी आधुनिक गणित वापरून नवं पंचांग काढलं. आबासाहेब पटवर्धनांनी त्याला आधार दिला म्हणून ते पटवर्धनी पंचांग. छत्र्यांनी आरंभबिंदू धरला रेवतीचा.

टिळक कॉलेजात या केरोपंतांकडे गणित शिकले. पुढे १८९३ साली ‘ओरायन’ या ग्रंथात त्यांनी वेदांचा काळ काढायला जे साधन वापरलं, ते अयनचलन, म्हणजे विषुवबिंदूचं ताऱ्यांमधून फार हळू सरकणं. सुमारे ७२ वर्षांत एक अंश. आरंभबिंदूचा वाद याच विषयातला आहे. त्यामुळे टिळकांनी त्यात उडी घेतली यात नवल नाही. पंचांग शुद्ध करण्यासाठी ज्योतिषांच्या परिषदा भरल्या. १९२० साली सांगलीला भरली, त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले. रेवती पक्षाचं पंचांग त्यांच्या नावाने चालत राहिलं. या सगळ्या वादाचा इतिहास ज्यांच्या पुस्तकात वाचायला मिळतो ते शंकर बाळकृष्ण दीक्षितही दापोली तालुक्यातल्या मुरुडचे.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. देशात त्या वेळी पंचांगांचा एवढा गोंधळ होता की सरकारी सुट्ट्या ठरवणंही कठीण. समितीने धार्मिक सणांच्या गणितासाठी चित्रा पक्ष घेतला. सरकारी मोहोर एका बाजूला पडली. टिळक पंचांग पाळणारी घरं मात्र आपल्या जागी राहिली.

यात कोण बरोबर? आरंभबिंदू हा ठरवून घ्यायचा असतो, दुर्बिणीतून सापडत नाही. तेव्हा ‘विज्ञानाने सिद्ध झालं’ असा मेसेज कोणत्याही बाजूने आला तरी पुढे पाठवायची घाई नको.

एका गावात दोन कॅलेंडरं

गणित कागदावर सोपं असतं. घरात ते असं दिसतं.

२०२३मध्ये टिळक पंचांगवाल्यांचा श्रावण १६ ऑगस्टला संपला आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा निज श्रावण लागला. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एका घरी पितृपक्ष चालू होता, तेव्हा दुसऱ्या घरी गणपतीसाठी भिंतींना रंग लागत होता. १९ सप्टेंबरला शेजाऱ्यांकडे गणपती आला तेव्हा पहिल्या घरात नवरात्राचे घट बसलेले होते. आणि १४ ऑक्टोबरला तर कमालच. तीच अमावास्या एकाची सर्वपित्री आणि दुसऱ्याचं लक्ष्मीपूजन. एकीकडे पितरांना पान, दुसरीकडे दारात पणत्या.

गणपतीच्या चित्रशाळांमध्ये त्या वर्षी आधीच्या गणपतींचे पाट वेगळे काढावे लागतात, कारण त्या मूर्ती महिनाभर आधी रंगून तयार हव्या असतात. गुरुजींना दोन्ही पंचांगं जवळ ठेवावी लागतात. सगळ्यात मोठी अडचण चाकरमान्यांची. सरकारी सुट्टी चित्रा पक्षाप्रमाणे, कोकण रेल्वेच्या गणपती स्पेशल गाड्या त्याच तारखांच्या आसपास, शाळांची सुट्टीही तेव्हाच. २०२३मध्ये २० ऑगस्टला रविवार होता, एवढंच नशीब. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन सोमवारी आलं आणि त्यासाठी रजा टाकावी लागली. मुंबईला नोकरी आणि गावाला टिळक पंचांग, अशा घरांत म्हणूनच दर काही वर्षांनी चर्चा होते, की आपणही सगळ्यांबरोबर बसवायचा का? ज्येष्ठ म्हणतात, कुळाचार बदलायचा नाही. धाकट्यांचा प्रश्न असतो की घर भरणारच नसेल तर कुळाचार कोणासाठी. दोघांचंही चुकत नाही, म्हणूनच ही चर्चा लवकर मिटत नाही.

माहेर एका पंचांगाचं आणि सासर दुसऱ्याचं असलेल्या सुनांना मात्र अशा वर्षी दोन्हीकडचा गणपती मिळतो. मोदक वळायला दोनदा बसावं लागतं, ते वेगळं.

दर अधिक महिन्याला असा फरक दिसतो का? दोन्ही पंचांगांचा अधिक महिना सहसा वेगवेगळा असतो. दाते पंचांगात तो येऊन गेला की टिळक पंचांगातला अधिक महिना काही महिन्यांनी येतो आणि गाडी पुन्हा एका रुळावर येते. मधल्या काळात गणपती किंवा दिवाळी सापडली तरच लोकांच्या लक्षात येतं. २०२०मध्ये दातेंचा अधिक आश्विन गणपतीनंतर आला, त्यामुळे गणपती एकाच दिवशी बसला. फरक पडला तो नवरात्र आणि दिवाळीत. २०१२मध्ये मात्र २०२३सारखंच झालं, एक गणपती ऑगस्टमध्ये आणि दुसरा १९ सप्टेंबरला. दोन्ही वर्षी दातेंची चतुर्थी १९ सप्टेंबरची, हा योगायोग नाही. गणपती खूप उशिरा येतो त्याच वर्षी सूर्याची संक्रांत अमावास्येच्या काठावर असते आणि चार दिवसांनी पारडं फिरतं.

कोकणाबाहेर, आणि कोकणातही

नावाचा असा घोळ देशभर आहे, फक्त बहुतेक ठिकाणी तो निरुपद्रवी आहे. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे तिकडचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो आणि आपली श्रावण वद्य अष्टमी त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी होते. पण कृष्णजन्म त्याच पक्षातल्या त्याच अष्टमीला. नाव बदलतं, सण हलत नाही. टिळक आणि दाते यांच्यात मात्र नाव बदललं की सणच हलतो.

रत्नागिरीत याची सवय जुनीच आहे. शिमगाही इथे गावागणिक बदलतो. काही गावांचा होम फाल्गुन शुद्ध त्रयोदशीला, ते तेरसे शिमगे. काहींचा पौर्णिमेचा, ते भद्रेचे शिमगे. पालख्या त्यामुळे वेगवेगळ्या दिवशी बाहेर पडतात आणि पाहुण्यांना दोन्ही गावांचा शिमगा गाठता येतो.

जिल्ह्यातल्या मुस्लिम मोहल्ल्यांतही असाच एक भेद आहे. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे, तर देशावरचे बहुतेक सुन्नी हनफी. समुद्रमार्गे अरब व्यापाऱ्यांशी संबंध आला त्या केरळ, भटकळ, कोकण अशा किनाऱ्यांवर शाफई रीत रुजली. उत्तरेतून, मध्य आशियामार्गे आलेल्यांची हनफी. फरक पुन्हा मोजण्याचाच. दुपारची सावली सोडून वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी वाढली की शाफईंची असरची वेळ सुरू होते, हनफींची दुप्पट झाल्यावर. कोळंबी चालते का, यावर हनफींमध्ये मतभेद आहेत. शाफईंमध्ये तो प्रश्न नाही, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या दृष्टीने ते बरंच झालं.

गणपतीचं म्हणाल तर २०२४मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५मध्ये २७ ऑगस्टला दोन्ही पंचांगांची घरं एकाच दिवशी मूर्ती आणायला निघाली. मकर संक्रांत मात्र अशी जुळत नाही. दातेंची १४ किंवा १५ जानेवारीला असते, टिळक पंचांगाची १०च्या सुमारास. त्या घरांतला तिळगूळ दरवर्षी चार-पाच दिवस आधी वाटून झालेला असतो.